भिंतीपलीकडचा भोंगा

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, जावेला नाही, आणि देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही — देवाची एक वस्तू यात गुंतली आहे, म्हणून तिथे तर तोंडच उघडत नाही. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ फार शहाणी होते. नको ते झाकते, हवं ते वाढवून सांगते. तसं आज करायचं नाही असं ठरवून बसले आहे. बघू कितपत जमतं.

मी गोव्यातल्या पेडण्याची. नोकरीची सगळी वर्षं विजेच्या कचेरीत, बिलाच्या खिडकीवर गेली. खिडकीपुढे सकाळपासून रांग. कोणी सुटे पैसे आणायचं नाही, कोणी बिल घरी विसरायचं, कोणी उगाच माझ्याशी हुज्जत घालायचं, आणि मीही काही कमी नव्हते. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचे. घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, माणसांनी डोकं उठवलं बघा. आता हसू येतं. डोकं उठवायला एक माणूस मिळावं म्हणून पुढे मी काय काय केलं!

निवृत्त झाले, गुडघे बोलू लागले, म्हणून यजमानांनी लिफ्टच्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला. विमानतळ आला तशा आमच्याकडे अळंब्यासारख्या बिल्डिंगी उगवल्या, त्यातलीच ही एक. फ्लॅटमध्ये येऊन वर्ष झालं नाही तोच यजमान गेले. मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला. बिल्डिंगीतले निम्मे फ्लॅट बाहेरच्यांचे, ते नाताळात उघडतात आणि नंतर कुलूप. उरलेले लोक सकाळी कामावर — कोणी तुयेच्या कारखान्यात, कोणी पणजीला. दारं बंद, जिने स्वच्छ, आणि दुपारी इतकं शांत की फ्रीज बंद-चालू झालेला कळतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला की खाली जाऊन दोन उंडे पाव घ्यायचे, त्याला 'आज करपवलेस रे' म्हणायचं, दिवसातलं बोलणं संपलं. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. खरं नव्हतं ते. का नव्हतं, तेही सांगते.

आधी भोंग्याचं सांगायला हवं. प्रत्येक फ्लॅटच्या छताला धुराची खबर देणारी एक पांढरी डबी बसवलेली आहे. बिल्डरला तिचं फार कौतुक होतं. सगळ्या डब्या आतून एकाच तारेने जोडलेल्या — एका घरात धूर झाला की सगळ्या घरांतल्या एकदम ओरडतात. धूर निवला की आपोआप गप्प. सुरुवात कुठून झाली ते कळायला, ज्या डबीने धूर हुंगला तिच्यावर धूर निवेपर्यंत तांबडा दिवा लुकलुकतो. पण तो बघायला कोणी घरात थांबायला हवं ना? भोंगा वाजला की सगळे खाली पळायचे. आम्ही त्याला भोंगाच म्हणायचो.

माझ्या भिंतीला भिंत लावून रेश्मा राहायची. भाड्याने. दोडामार्गकडची पोर, नवरा पाळी गावच्या खाणीवर टिपर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी. ती घरी जेवण करून तुयेच्या कामगारांना डबे पोचवायची. भात, माशाचं हुमण, एखादी भाजी, आणि वर हमखास भाजलेला सुका बांगडा. आणि तिचा सासरा — आबा. कमरेखालून गेलेला माणूस, खाटेवर पडून. त्याची खाट गॅलरीच्या दाराशी होती, आणि त्यांची गॅलरी माझ्या गॅलरीला चिकटून. मध्ये हातभर भिंत.

भोंगा पहिल्यांदा वाजला तो रेश्माच्या बांगड्यामुळेच. हे अगदी खरं. रविवारची संध्याकाळ होती, गावाकडून कोणी ताजे खारवलेले बांगडे पाठवले होते, ती तव्यावर भाजायला गेली आणि बिल्डिंगभर कल्लोळ झाला. मी फाटक्या गाऊनवर, केस सुटलेले, तशीच दारात आले. जिन्यात कोणीतरी माझ्या कोपराला धरलं. कोण होतं तेही बघितलं नाही, पण तो हात मला अजून आठवतो — खूप दिवसांनी कोणी मला हात लावला होता. खाली सगळे जमलेले. कोणी माझ्यासाठी खुर्ची आणली. तळमजल्यावरच्या उषाने चहा केला. दुसऱ्या मजल्यावरचा विनायक, आमचा सेक्रेटरी, म्हणाला की बांगड्यांनी आज सोसायटीची सभा बोलावली. सगळे खदखदून हसले. आबांना दोघांनी खुर्चीत घालून खाली आणलं होतं, ते सगळ्यांकडे बघत होते टुकुटुकु. रेश्मा लाजून अर्धी झाली, आणि मग तिने तेच बांगडे सगळ्यांना वाटले. काळोख पडेपर्यंत आम्ही खालीच. कोण कुठल्या गावचं, कोणाची मुलगी कुठे दिली — सगळं त्या एका संध्याकाळी कळलं.

वर आले, दार लावलं. आणि रडले. कशासाठी? भीतीने नव्हे, हे तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. लिफ्टमध्ये विनायक भेटला तर मान हलवून मोबाइलमध्ये. उषाचं दार बंद. मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले, काहीतरी निमित्त हवं म्हणून हातात वाटी घेतली, आणि परत आले. विरजण मागायला जाणारी बाई मी कधी नव्हते. ताठा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि मग — धूप.

आमच्याकडे तिन्हीसांजेला देवाला धूप घालतात. करवंटीचे निखारे, त्यावर धूप, आणि ते धुपाटणं घेऊन घरभर फिरायचं, कानाकोपऱ्यात. माझी सासू करायची, मी करते. एका रविवारी दिवा लावला, धूप पेटवला, आणि — पहिल्यांदा चुकून झालं असं सांगायचा मोह आत्ताही होतोय. पण चुकून नाही झालं. आधी मी केस विंचरले. अंबाडा घातला. इस्त्रीची साडी नेसले, कारण मागच्या वेळी फाटक्या गाऊनमध्ये सगळ्यांपुढे बसले होते त्याची लाज वाटली होती. मग स्टूल ओढलं, गुडघ्यांना शिव्या देत वर चढले, आणि देवाचं धुपाटणं त्या डबीखाली धरलं. जास्त वेळ लागला नाही.

खाली परत खुर्ची मिळाली. परत चहा. आणि सगळ्यांनी काय म्हणावं? 'रेश्माचे बांगडे असतील.' कोणाच्या मनात दुसरं आलंच नाही. कसं येणार? विधवा बाईच्या धुपावर कोण संशय घेतो? सुक्या मासळीला मात्र सगळे नाक मुरडतात, आणि रात्री तीच ताटात हवी असते. बरं, ती भाड्याची, गोव्याच्या सरहद्दीपलीकडची. रेश्मा म्हणाली की आज तिने काही भाजलंच नव्हतं. तिचं बोलणं हसण्यात गेलं. मीही हसले.

किती वेळा केलं? मोजलं नाही, आणि मोजलं असतं तरी सांगायला लाजले असते. दर रविवारी नव्हे. जीव फार कोंडला की. मुलाचा फोन आला नाही की. गणपतीच्या चवथीला सगळे आपापल्या मूळ घरी गेले, मीही दिरांकडे जाऊन पाहुण्यासारखी बसून आले, आणि परत आल्यावर घर खायला उठलं, तेव्हा एकदा. प्रत्येक वेळी आधी केस, मग साडी, मग धूप. हाताला वळण पडलं होतं.

बिचाऱ्या रेश्माने बांगडे घरात भाजणं सोडून दिलं. गच्चीवर शेगडी नेऊन उन्हात बसून भाजायची. तरी भोंगा वाजायचाच. मग तीच स्वतःवर संशय घेऊ लागली — फोडणीमुळे असेल, भाताच्या वाफेमुळे असेल. एकदा खाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझ्याच घरातला असतला काकी. माफ करा हां, तुमका गुडघ्यांचो त्रास." चोराच्या मनात चांदणं असतं. मला वाटलं हिला कळलंय आणि ही मला टोचतेय. पण तिच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. नुसती ओशाळगत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. असू दे गो, म्हटलं. मीच तिला माफ केलं, कळतंय ना तुम्हाला?

हळूहळू लोक वैतागले. चहा बंद झाला. खुर्ची आणायला कोणी उठेना. भोंगा वाजला की अर्धे लोक खालीच येईनात. शेवटी विनायकने सभा बोलावली. ठरवायचं होतं ते हे, की रेश्माच्या घरची डबी सगळ्यांच्या तारेतून तोडून टाकायची. म्हणजे तिचा भोंगा तिच्याच घरात वाजेल, बाकीच्यांना त्रास नाही.

रेश्मा सभेत कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. तिचं म्हणणं एवढंच, की डबे पोचवायला जाताना आबा घरी एकटे असतात. "भोंगो वाजलो तर सगळी बिल्डिंग धावान येतली, ह्या भरवशार मी भायर पडतंय," ती म्हणाली. तिच्यासाठी ती तार म्हणजे एवढं सगळं होतं. मला ते तिथेच, त्या क्षणी कळलं. नीट कळलं.

विनायक वाईट माणूस नाही. तो माझ्याकडे वळला. "काकी, तुमी शेजारी रवतात. तुमीच सांगा, तिच्या घरातसून वास येता काय नाय?"

मी म्हटलं, "येता."

खोटं बोलले का मी? वास यायचाच. रोज यायचा, आणि चांगला यायचा, मला भूक लागायची त्याने. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं. असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण त्या खोलीत त्या एका शब्दाचा अर्थ काय होणार हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रेश्माने वादच घातला नाही. "काकी सांगतत म्हणजे तसाच असतला," म्हणाली आणि खाली बसली.

तार तोडली. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली, हातात घराची दुसरी किल्ली. "आता तुमीच आमचो भोंगो, काकी," असं म्हणून तिने ती माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. मी चहाला थांब म्हटलं. ती थांबली नाही, आबांना भरवायचं होतं.

त्यानंतर मी धूप डबीखाली धरला नाही. सुधारले म्हणून नव्हे हो. आता भोंगा वाजला असता तर तो रेश्माचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आता आबांचं. मी तुम्हाला म्हटलं ना, पोदेराशी बोललं की दिवसातलं बोलणं संपलं हे खरं नव्हतं? रोज सकाळी रेश्मा डबे घेऊन गेली की गॅलरीतून हाक यायची, "बाईनू, चाय झाली काय?" आबांना माझं नाव माहीत नव्हतं. मी 'झाली' म्हणायची. मग ते त्यांच्या बसचं काहीतरी सांगायचे — ते पूर्वी घाटातून बस चालवायचे — कुठल्या वळणावर कुठलं झाड, कोण म्हातारी कोंबडी घेऊन चढायची. मी 'हो का' म्हणायची. कधी कधी उत्तरच द्यायची नाही, टीव्हीचा आवाज वाढवायची. मग ते थोडा वेळ वाट बघायचे आणि गप्प व्हायचे. म्हणजे बघा — माणूस नाही, माणूस नाही म्हणून मी देवाचं धुपाटणं घेऊन स्टुलावर चढत होते, आणि हातभर भिंतीपलीकडे एक माणूस रोज मला हाक मारत होता. तो माझ्या हिशेबातच नव्हता. खाटेवरचा म्हातारा. मला गर्दी हवी होती.

त्या दिवशी रेश्मा डबे घेऊन गेली. बिल्डिंग रिकामी. मी पेज खाऊन नुकतीच आडवी झाले होते. भिंतीपलीकडून भोंगा ऐकू आला. बारीक, दाबल्यासारखा. मी आधी वर बघितलं, माझ्या डबीकडे. ती गप्प. म्हणजे हा आबांच्या घरातला. म्हणजे हा माझ्याशिवाय कोणालाच ऐकू जात नाहीये. हे सगळं मला एका दमात कळलं, झोपेत नव्हते मी.

आणि मी काय केलं? उठले. आरशासमोर गेले. केस सोडले, विंचरले, अंबाडा घातला. एक पिन सापडत नव्हती, ती शोधली. गाऊन काढला, साडी नेसले. निऱ्या नीट घातल्या.

का? ते तुम्ही विचाराल, मीही विचारते. भोंगा वाजला की माणसं जमतात आणि माणसांत नीट जायचं, हे हाताला लागलेलं वळण — असं म्हणता येईल. किंवा हे, की खोट्या भोंग्याची सवय सगळ्यांत जास्त कोणाला होती? मलाच. भोंग्यामागे आग असू शकते हे बिल्डिंगीत एकटी मीच विसरले होते. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी मनात काही नव्हतं. हात चालत होते.

मग किल्ली घेतली. दार उघडलं तर आत धुराने हात दिसेना. खाटेशेजारच्या पंख्याची मोटर जळून गादीच्या कडेने पेट घेतला होता, नुसती धुमसत होती. बांगडा नाही, फोडणी नाही, चूल थंड. मी किंचाळले, खालून रखवालदार धावत आला, त्याने आबांना ओढून बाहेर काढलं. श्वास चालू होता.

इस्पितळात काही दिवस काढले त्यांनी. धूर छातीत बसला होता. डॉक्टर रेश्माला म्हणाले, जरा आधी बाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या शेजारी उभी होते. आबा गेले.

आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. या वयात, असे गुडघे असून, काकी धावल्या. विनायकने सोसायटीतर्फे शाल दिली. मी घेतली. ती कपाटात आहे. रेश्मा बाराव्यानंतर माझ्या पाया पडायला आली, आणि तिथेच जमिनीवर बसून म्हणाली, "मी त्या दिसा भायर पडलंय नसतंय तर आबा आज असते. तुमी होतात म्हणान निदान इस्पितळापर्यंत तरी पोचले." ती स्वतःला खात होती. माझ्याकडे एक वाक्य होतं, ते बोलले असते तर तिच्या डोक्यावरचं सगळं ओझं उतरलं असतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि चहा ठेवला. पुढच्याच महिन्यात तिने घर सोडलं, सामान टेम्पोत घालून गावी गेली. डबे बंद केले म्हणे तिने, घरात म्हातारं माणूस नसतानाही बाहेर पडायचा तिला धीर होत नाही. जाताना माझ्यासाठी बरणीभर सुके बांगडे ठेवून गेली. मी ते अजून भाजलेले नाहीत, टाकलेलेही नाहीत.

शेजारचा फ्लॅट बंद आहे. दुपारी फ्रीज ऐकू येतो. छतावरची डबी तशीच आहे, मी धूप घालणं सोडलंय, देवाला नुसती उदबत्ती लावते.

एवढं सांगून थांबणार होते. वाटलं होतं, केस विंचरल्याचं सांगितलं की झालं. पण अजून एक आहे, आणि तेच खरं.

भोंगा वाजत असताना आबांनी हाक मारली होती. गॅलरीतून, खोकत. "बाईनू," म्हणून. दोनदा, तीनदा. मी आरशासमोर होते, तोंडात पिन होती. पिन काढून मी त्यांना ओ दिली. मोठ्याने, बिलाच्या खिडकीवरच्या त्या जुन्या आवाजात म्हटलं, "आले हं आबा, आले."

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. मी येतेय म्हटल्यावर ते वाट बघत राहिले. आणि मी निऱ्या घातल्या.